ॲलर्जीचे उपचार लागू पडत आहेत का? रक्तपेशींच्या चाचण्यांनी ते कसे पडताळावे

लॅबमधून सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा, रिपोर्ट येतो, त्यात इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी ९ टक्के दिसतात आणि घरात 'इसनोफिलिया झाला' किंवा 'रक्तात ॲलर्जी निघाली' अशी चर्चा सुरू होते. तीन महिन्यांच्या उपचारांनंतर तोच आकडा ५ वर आला की औषध लागू पडले असे समजून गोळ्या बंद केल्या जातात, आणि ११ वर गेला की डॉक्टर बदलले जातात. या दोन्ही निर्णयांत एकच चूक आहे. तो आकडा नेमक्या कोणत्या पेशीचा, कोणत्या वेळी घेतलेला आणि कोणत्या औषधाच्या प्रभावाखालचा आहे, हे कोणी विचारलेलेच नसते. रक्तपेशींच्या चाचण्यांचा उपचारांच्या देखरेखीसाठी खरोखर उपयोग होतो. परंतु त्यासाठी चाचणी उपचारांना साजेशी निवडावी लागते, उपचारांपूर्वीचा आकडा हाताशी असावा लागतो आणि रुग्णाच्या त्रासाची नोंद त्याच्या शेजारी ठेवून वाचावी लागते. हा लेख त्या क्रमानेच लिहिला आहे. औषधे सुरू किंवा बंद करण्याचा निर्णय अर्थातच उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा आहे.

आधी पेशींची ओळख

ॲलर्जीच्या संदर्भात रक्तातील दोन प्रकारच्या पांढऱ्या पेशी महत्त्वाच्या आहेत. पॉल अर्लिक या जर्मन शास्त्रज्ञाने १८७९ च्या सुमारास रंगद्रव्ये वापरून पांढऱ्या पेशींचे प्रकार वेगळे केले. इओसिन या तांबूस रंगाने रंगणाऱ्या कणांच्या पेशींना इओसिनोफिल आणि अल्कधर्मी रंग घेणाऱ्या पेशींना बेसोफिल ही नावे तेव्हापासून चालत आली आहेत.

इओसिनोफिल अस्थिमज्जेत तयार होतात, रक्तात जेमतेम काही तास राहतात आणि मग ऊतींमध्ये शिरतात. श्वासनलिका, नाक किंवा त्वचा दीर्घकाळ सुजलेली असेल तर त्या सुजेत त्यांचा मोठा वाटा असतो. म्हणजे रक्तातील त्यांची संख्या ही रस्त्यावरची गर्दी आहे. घरात किती माणसे बसली आहेत हे तिच्यावरून अंदाजानेच कळते. बेसोफिलचे काम वेगळे आहे. एकूण पांढऱ्या पेशींत त्यांचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी असते; परंतु त्यांच्या पृष्ठभागावर आयजीई, म्हणजे ॲलर्जी घडवणारी प्रतिपिंडे, चिकटलेली असतात, आणि ज्या पदार्थाची ॲलर्जी आहे तो भेटताच या पेशी हिस्टामिनसारखी द्रव्ये बाहेर टाकतात. असेच काम करणाऱ्या मास्ट पेशी ऊतींमध्येच राहतात आणि रक्ताच्या नेहमीच्या चाचणीत सापडत नाहीत. त्यामुळे ॲलर्जीच्या तात्काळ प्रतिक्रियेचा रक्तात मिळणारा सर्वांत जवळचा साक्षीदार बेसोफिल हाच होय. मात्र सीबीसीवर बेसोफिल ०.५ टक्के आहेत की १ टक्का, यावरून ॲलर्जीबद्दल काहीच ठरत नाही. त्यांची संख्या नव्हे, त्यांची वागणूक तपासावी लागते.

पहिली पायरी: उपचार कोणता, यावरून चाचणी ठरवणे

सेटिरिझिन, लेव्होसेटिरिझिन, फेक्सोफेनाडिन यांसारख्या गोळ्या हिस्टामिनचा परिणाम अडवतात. हिस्टामिन सोडणाऱ्या पेशींना त्या फारशा हात लावत नाहीत. शिंका थांबल्या, अंगावर पित्त उठणे बंद झाले, तरी इओसिनोफिल पूर्वीइतकेच राहू शकतात, आणि त्यात गोळीचे अपयश नाही. म्हणून केवळ अशा गोळ्या चालू असताना दर महिन्याला रक्त तपासणे हा निव्वळ खर्च आहे.

स्टेरॉइडचे गणित उलटे आहे. तोंडाने घेतलेल्या प्रेडनिसोलोनच्या एका मात्रेनंतर काही तासांतच रक्तातील इओसिनोफिल झपाट्याने घटतात. त्यामुळे दम्याच्या झटक्यासाठी गोळ्या चालू असताना काढलेला 'नॉर्मल' रिपोर्ट औषध शरीरात पोहोचल्याचे सांगतो, आजार आटोक्यात आल्याचे सांगत नाही. इनहेलर किंवा नाकातील स्प्रेमधून मिळणाऱ्या स्टेरॉइडचा रक्तावरील परिणाम सौम्य असतो, कारण ते मुख्यतः जागेवरच काम करते.

तीव्र दम्यासाठी वापरल्या जाणाऱ्या जैविक औषधांच्या बाबतीत मात्र इओसिनोफिलची मोजणी उपचारांचा भागच बनली आहे. मेपोलिझुमॅब इओसिनोफिल वाढवणारा इंटरल्युकिन-५ हा संदेश अडवते आणि रक्तातील संख्या बरीच खाली आणते. बेनरालिझुमॅब त्या पेशींचाच नाश घडवते, त्यामुळे संख्या शून्याच्या जवळ पोहोचते. याउलट डुपिलुमॅब सुरू केल्यावर काही रुग्णांत इओसिनोफिल काही काळ वाढतात, कारण रक्तातून ऊतींकडे जाण्याची त्यांची वाट अडते. हे ठाऊक नसले की चांगले चाललेले औषध घाबरून बंद करण्याची वेळ येते. आयजीईलाच बांधून टाकणाऱ्या ओमालिझुमॅब या जैविक औषधाबाबत असाच घोळ आयजीईच्या आकड्याने होतो, त्याकडे पुढे येऊ.

राहिली इम्युनोथेरपी, म्हणजे लोक ज्याला 'ॲलर्जीची इंजेक्शने' किंवा 'जिभेखालचे थेंब' म्हणतात तो उपचार. १९११ मध्ये लंडनमध्ये लिओनार्ड नून यांनी गवताच्या परागकणांचा अर्क टोचून त्याची सुरुवात केली. त्यात ॲलर्जी असलेला पदार्थच वाढत्या मात्रेने देऊन शरीराला त्याची सवय लावली जाते, आणि उपचार साधारण तीन ते पाच वर्षे चालतो. इतका दीर्घ आणि खर्चिक उपचार लागू पडतो आहे की नाही, हे मधल्या टप्प्यावर जाणून घ्यावेसे वाटणे साहजिक आहे. येथे इओसिनोफिलपेक्षा बेसोफिलची चाचणी अधिक बोलकी ठरते.

एक प्रकार मात्र या सगळ्यातून वगळायला हवा. गाजर गवत, म्हणजेच काँग्रेस गवत, आपल्याकडे १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम आढळले, आणि त्याच्या संपर्काने चेहरा, मान व हातांवर येणारा चिवट इसब शेतकऱ्यांत आजही दिसतो. ही उशिरा उमटणारी, टी-पेशींमार्फत होणारी प्रतिक्रिया आहे. तिचे निदान पाठीवर पट्ट्या लावून करायच्या पॅच टेस्टने होते. अशा रुग्णाने बेसोफिल किंवा आयजीईच्या महागड्या चाचण्यांत पैसे घालू नयेत.

दुसरी पायरी: उपचारांपूर्वीचा आकडा पक्का करणे

देखरेखीची सर्वाधिक वाट याच पायरीवर लागते. उपचार सुरू झाल्यानंतर सहा महिन्यांनी पहिली चाचणी केली, तर तिची तुलना करायला काहीच उरत नाही. इओसिनोफिलची संख्या एकाच माणसात, आजार तसाच असतानाही, बरीच हेलकावे खाते. त्यामुळे शक्य असल्यास उपचारांपूर्वी काही दिवसांच्या अंतराने दोन वेळा मोजणी करून घ्यावी.

रक्त दर वेळी एकाच सुमारास द्यावे. शरीरातील कॉर्टिसोल सकाळी जास्त असते आणि ते इओसिनोफिलना दाबून ठेवते. रात्री कॉर्टिसोल उतरले की त्यांची संख्या चढते. पहिला नमुना सकाळी नऊला आणि दुसरा संध्याकाळी कामावरून परतताना दिला, तर मधला फरक औषधाचा की घड्याळाचा हे सांगता येत नाही. यासाठी उपाशीपोटी राहण्याची गरज नाही. लॅबही शक्यतो तीच ठेवावी.

ताप असताना किंवा मोठा संसर्ग झालेला असताना बेसलाइन, म्हणजे हा उपचारांपूर्वीचा आकडा, काढू नये. तीव्र जिवाणूसंसर्गात इओसिनोफिल जवळजवळ नाहीसे होऊ शकतात. टायफॉइडमध्ये हे इतके नेहमीचे आहे की जुने डॉक्टर सीबीसीतील इओसिनोफिलच्या शून्याकडे मुद्दाम पाहतात. तोंडाने स्टेरॉइड घेतले असल्यास कोर्स संपल्यावर किमान एक ते दोन आठवडे थांबलेले बरे. पण चाचणीसाठी म्हणून चालू स्टेरॉइड स्वतःच्या मनाने कधीही थांबवू नये. आयुर्वेदिक किंवा 'देशी' म्हणून मिळणाऱ्या दम्याच्या पुड्यांमध्ये कधी कधी स्टेरॉइड मिसळलेले असते, त्यामुळे अशी पुडी घेत असल्यास तेही न संकोचता डॉक्टरांना सांगावे.

आणि मग जंत. पाश्चात्त्य मार्गदर्शिका वाचून चालणाऱ्यांचा आपल्याकडे येथेच घोटाळा होतो. इओसिनोफिल वाढण्याचे कारण ॲलर्जीच असेल असे नाही. आतड्यातील जंत, विशेषतः अनवाणी चालताना त्वचेतून शिरणारे, हेही तितकेच मोठे कारण आहे. बेसलाइन वाढलेली असेल तर शौचाची तपासणी करून, गरज असल्यास जंतांचे औषध घेऊन, काही आठवड्यांनी पुन्हा मोजणी करावी. औषधानंतर लगेच संख्या थोडी वाढूही शकते, म्हणून दुसऱ्याच दिवशी लॅब गाठू नये. स्ट्राँगिलॉइड्स नावाच्या जंताचा संशय असताना स्टेरॉइड देणे तर धोक्याचे आहे, कारण तो जंत शरीरभर पसरू शकतो.

विदर्भातील वाचकांसाठी आणखी एक गोष्ट. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, नागपूर या पट्ट्यात हत्तीरोगाचा प्रादुर्भाव जुना आहे. त्याच्या सूक्ष्म कृमींमुळे काही जणांना रात्री वाढणारा कोरडा खोकला आणि धाप लागते, फुफ्फुसांत सूज येते आणि इओसिनोफिल घनमिलिमीटरला ३,००० च्या वर जातात. हा आजार दम्यासारखाच दिसतो, पण इनहेलरने हटत नाही. डायइथिलकार्बामाझिनच्या साधारण तीन आठवड्यांच्या कोर्सने सुधारतो. ॲलर्जीच्या उपचारांना 'दाद न देणारा' असा एखादा रुग्ण प्रत्यक्षात चुकीच्या आजारावर औषधे घेत असतो.

तिसरी पायरी: टक्केवारी सोडून प्रत्यक्ष संख्या काढणे

रिपोर्टवर टक्केवारी ठळक दिसते आणि तीच फसवते. पाहायची असते ती इओसिनोफिलची निरपेक्ष संख्या, म्हणजे रिपोर्टवरील 'एईसी'. एकूण पांढऱ्या पेशींना टक्केवारीने गुणून शंभराने भागले की ती मिळते. समजा पहिल्या रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी ९,२०० आणि इओसिनोफिल ७ टक्के आहेत. संख्या झाली ६४४. तीन महिन्यांनी पांढऱ्या पेशी ६,००० आणि इओसिनोफिल ८ टक्के आले, संख्या ४८०. टक्केवारी वाढली, पेशी मात्र कमी झाल्या.

प्रौढांत घनमिलिमीटरला साधारण ५०० पर्यंतची संख्या सर्वसाधारण मानतात. ५०० ते १,५०० ही सौम्य वाढ ॲलर्जीत नेहमी दिसते. १,५०० च्या वर संख्या टिकून राहिली तर तिला ॲलर्जीच्या खात्यात टाकून मोकळे होता येत नाही. हृदय, फुफ्फुसे, मज्जासंस्था आणि अस्थिमज्जा यांची तपासणी करावी लागते. दम्यात जैविक औषध द्यायचे की नाही हे ठरवताना १५० आणि ३०० या सीमा अनेकदा पाहिल्या जातात. म्हणजे 'नॉर्मल' रकान्यात बसणारा आकडाही उपचारांच्या दृष्टीने अर्थपूर्ण असतो. सीबीसीत पेशींचे विभाजन आधीच दिलेले असेल तर एईसीसाठी वेगळे पैसे मोजण्यापूर्वी हा गुणाकार स्वतः करून पाहावा.

चौथी पायरी: पुनर्तपासणीचे वेळापत्रक

नेहमीच्या नाकाच्या ॲलर्जीत किंवा आटोक्यातील दम्यात इओसिनोफिल वारंवार मोजायची गरज नसते. उपचारात मोठा बदल केला किंवा त्रास वाढला तरच मोजणी करावी. जैविक औषधात उपचारांपूर्वी, मग साधारण चार महिन्यांनी परिणामाचा आढावा घेताना आणि पुढे डॉक्टर सांगतील तेव्हा तपासणे पुरेसे असते. बेनरालिझुमॅब घेणाऱ्याचे इओसिनोफिल शून्यावर आले आहेत आणि तरीही धाप कमी होत नाही, अशा वेळी हा रिपोर्ट फार मोलाचा ठरतो: औषध आपले काम करते आहे, म्हणजे धापेचे कारण दुसरीकडे शोधायला हवे. इनहेलर ओढण्याची पद्धत चुकते आहे का, संसर्ग आहे का, वजन किंवा आम्लपित्त यांचा हात आहे का, हे प्रश्न तेव्हा पुढे येतात.

पाचवी पायरी: बेसोफिल सक्रियता चाचणी समजून घेणे

ही चाचणी इंग्रजी आद्याक्षरांवरून 'बॅट' म्हणून ओळखली जाते. तिच्यात ॲलर्जीची प्रतिक्रिया रुग्णाच्या अंगावर न घडवता त्याच्या रक्ताच्या नळीत घडवली जाते. ताज्या रक्ताचे छोटे भाग करून त्यांत संबंधित पदार्थाचा अर्क, उदाहरणार्थ धुळीतल्या माइट या सूक्ष्म किड्याचा किंवा शेंगदाण्याचा, वेगवेगळ्या तीव्रतेने मिसळतात आणि ३७ अंश सेल्सिअसला थोडा वेळ ठेवतात. बेसोफिलमधील कणांच्या आवरणावर सीडी-६३ नावाचे प्रथिन असते. पेशी भडकली की ते कण पृष्ठभागाशी एकजीव होतात आणि हे प्रथिन बाहेर दिसू लागते. त्याला चमकणारे प्रतिपिंड चिकटवून फ्लो सायटोमीटर या यंत्रातून एकेक पेशी लेझरसमोरून नेली जाते आणि किती टक्के बेसोफिल भडकले हे मोजले जाते.

देखरेखीसाठी या चाचणीतून दोन गोष्टी घ्यायच्या असतात. पहिली म्हणजे जास्तीत जास्त किती पेशी भडकतात. दुसरी, आणि इम्युनोथेरपीत अधिक उपयोगाची, म्हणजे किती कमी अर्काने त्या भडकतात. कल्पनेसाठी असे धरू, की उपचारांपूर्वी मिलिलिटरला १ नॅनोग्राम अर्काने निम्मी प्रतिक्रिया येत होती आणि वर्षभराने तेवढ्याच प्रतिक्रियेसाठी १० नॅनोग्राम लागू लागले. कमाल टक्केवारी दोन्ही वेळा सारखीच असली तरी पेशींची संवेदनशीलता दहापट घटली आहे. म्हणून केवळ एकाच तीव्रतेवर केलेली बॅट देखरेखीला अपुरी पडते. अनेक तीव्रतांवरचा आलेख मागावा.

संपूर्ण रक्तावर चाचणी केली की नुसत्या धुतलेल्या पेशींवर, हेही विचारून ठेवावे. इम्युनोथेरपीने शरीरात आयजीजी-४ प्रकारची अडथळा आणणारी प्रतिपिंडे वाढतात, आणि ती रक्तद्रवात असतात. पेशी धुतल्या की ती वाहून जातात व उपचारांचा परिणाम असलेला दिसत नाही. पहिली चाचणी एका पद्धतीने आणि दुसरी दुसऱ्या पद्धतीने झाली असेल तर तुलना बाद समजावी.

काही मर्यादा स्पष्ट सांगायला हव्यात. अंदाजे दहांतील एखाद्या माणसाचे बेसोफिल आयजीईमार्गे दिलेल्या कोणत्याच उत्तेजनाला उत्तर देत नाहीत; अशा वेळी नकारात्मक रिपोर्ट 'ॲलर्जी गेली' असा वाचता येत नाही. त्यासाठीच दर चाचणीत पेशींना आयजीईमार्गे मुद्दाम भडकवून पाहणारा एक नियंत्रण नमुना असतो, आणि तो भडकला की नाही हे रिपोर्टवर लिहिलेले असलेच पाहिजे. दुसरी अडचण वेळेची. बेसोफिल जिवंत असेपर्यंतच चाचणीला अर्थ असतो. रक्त काही तासांत आणि फार तर २४ तासांच्या आत तपासले जावे लागते. रत्नागिरी किंवा लातूरच्या संकलन केंद्रात दिलेले रक्त रविवारभर पडून सोमवारी मुंबईला पोहोचणार असेल तर ती चाचणी न केलेली बरी. ही गल्लीतल्या लॅबमध्ये होणारी चाचणी नव्हे. जेथे होते तेथे प्रत्यक्ष जाऊन, आठवड्याच्या मधल्या दिवशी, आधी वेळ ठरवून रक्त द्यावे. सेटिरिझिनसारख्या गोळ्यांचा तिच्यावर सहसा परिणाम होत नाही, ही त्वचेवरील चाचणीच्या तुलनेत मोठी सोय आहे. तोंडाने घेतलेल्या स्टेरॉइडचा मात्र होतो.

अन्नाच्या ॲलर्जीत बॅटचे महत्त्व विशेष आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील अलेक्झांड्रा सँटोस यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखवले, की शेंगदाण्याविरुद्ध आयजीई असलेल्या मुलांपैकी ज्यांना तो खाऊन खरोखर त्रास होतो आणि ज्यांना होत नाही, त्यांच्यातील फरक ही चाचणी चांगला ओळखते. तरीही बॅट सुधारली म्हणून घरी शेंगदाणा चाखून पाहणे हा जिवाशी खेळ आहे. ती परीक्षा रुग्णालयात, ॲड्रेनलिनचे इंजेक्शन तयार ठेवूनच घेतली जाते.

आयजीईचे आकडे कसे वाचू नयेत

आयजीई ही पेशी नव्हे, पण रिपोर्ट एकत्रच येत असल्यामुळे गोंधळ होतो. इम्युनोथेरपीच्या सुरुवातीच्या महिन्यांत त्या पदार्थाविरुद्धचे आयजीई वाढते आणि मग वर्षानुवर्षे हळूहळू उतरते. सुरुवातीची वाढ हे अपयश नव्हे. आयजीजी-४ ची वाढ औषध शरीराला मिळाल्याचे दाखवते, त्रास कमी होईलच याची हमी देत नाही. ओमालिझुमॅब चालू असताना एकूण आयजीई वाढलेले दिसते, कारण औषधाला बांधलेले आयजीई रक्तात जास्त काळ टिकते आणि नेहमीची चाचणी तेही मोजते. त्यावरून मात्रा बदलायची नसते.

अपवाद आहे तो ॲस्परजिलस बुरशीमुळे दम्याच्या रुग्णांत होणाऱ्या एबीपीए या आजाराचा, जो भारतात बराच आढळतो आणि ज्यावर चंदिगडच्या पीजीआय संस्थेत मोठे काम झाले आहे. तेथे एकूण आयजीई हेच देखरेखीचे मुख्य साधन आहे. उपचारांनंतर आठ आठवड्यांनी ते साधारण चतुर्थांशाने घटावे अशी अपेक्षा असते, ते सर्वसाधारण पातळीवर यायलाच हवे असे नाही. जिथे ते स्थिरावते तो त्या रुग्णाचा नवा पाया; त्यावरून ५० टक्क्यांहून अधिक वाढ आणि सोबत त्रास किंवा एक्स-रेमधील बदल असेल तर आजार उलटला असे समजतात.

आरोग्य तपासणीच्या पॅकेजमध्ये शेकडो खाद्यपदार्थांची आयजीजी चाचणी करून 'हे खाऊ नका' अशी यादी देतात, ती मात्र सरळ बाजूला ठेवावी. ते आयजीजी तुम्ही तो पदार्थ खाता एवढेच सांगते.

सहावी पायरी: रिपोर्टशेजारी त्रासाची वही

वहीत रोज एक ओळ पुरते: शिंका, नाक चोंदणे, डोळ्यांची खाज आणि धाप यांना शून्य ते तीन गुण, त्या दिवशी घेतलेली औषधे, आणि दमा असल्यास पीक फ्लो मीटरचा, म्हणजे जोराने फुंकून श्वासाचा वेग मोजणाऱ्या नळीचा, सकाळचा आकडा. औषधांची नोंद विसरू नये. त्रास तेवढाच पण गोळ्या निम्म्यावर आल्या, हीही सुधारणाच आहे. परागकणांची ॲलर्जी असेल तर या वर्षीच्या हंगामाची तुलना गेल्या वर्षीच्या त्याच हंगामाशी करावी. ऐन बहरातला मार्च आणि धुवाधार जुलै यांची तुलना करून काही हाती लागत नाही. माइटचा त्रास तर दमट हवेत, जुन्या गाद्या-उशांमुळे, पावसाळ्यातच वाढतो.

वही आणि रिपोर्ट एकमेकांशी जुळले तर पुढचा रस्ता सोपा असतो. त्रास कमी आणि इओसिनोफिल तेवढेच असतील, तर बहुधा उपचार तसेच चालू ठेवले जातात आणि जंतांसारखे दुसरे कारण शोधले जाते. त्रास कायम आणि आकडा उतरलेला असेल, तर निदान पुन्हा तपासावे लागते. इम्युनोथेरपीला वर्ष होऊनही वहीत काहीच बदल नसेल आणि बॅटमधील संवेदनशीलताही तशीच असेल, तर अर्क योग्य निवडला होता का, मात्रा नियमित झाल्या का, हे डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलण्याची ती वेळ आहे.

एक प्रसंग वही आणि वेळापत्रक दोन्ही बाजूला ठेवण्याचा आहे. नवीन औषध सुरू केल्यापासून दोन ते आठ आठवड्यांत ताप, अंगभर पुरळ, चेहऱ्यावर सूज आणि वाढलेले इओसिनोफिल एकत्र दिसले, विशेषतः फिटसाठीची किंवा युरिक ॲसिडची औषधे चालू असतील, तर ही ॲलर्जी 'बघू पुढच्या रिपोर्टला' म्हणण्याजोगी नसते. यकृत आणि मूत्रपिंड यांनाही इजा होऊ शकते, म्हणून त्याच दिवशी सर्व औषधांची पाकिटे घेऊन रुग्णालय गाठावे.